गावाने मिटवलेलं प्रकरण

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या घरात सगळेच म्हणत. वकिलीत तो उपयोगी पडेल अशी माझी समजूत होती. ऐंशीच्या दशकात सनद घेऊन मी रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात उभी राहिले आणि थोड्याच दिवसांत कळलं की तिथे रागाला कुत्रं विचारत नाही. वकिलांच्या खोलीत बायकांसाठी वेगळी जागा नव्हती, कारण बायकाच नव्हत्या. खिडकीपाशी एक डुगडुगणारं बाक होतं, त्यावर मी बसायचे. येणारा-जाणारा पक्षकार मला टायपिस्ट समजायचा आणि अर्ज कधी तयार होईल ते विचारायचा. मी फणकाऱ्याने उत्तर दिलं की तो हसायचा.

मी ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्या वरिष्ठ वकिलांना सगळं कोर्ट काका म्हणायचं. फौजदारी कामात जिल्ह्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा तुरुंगातून परत येऊन त्यांनी कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, "उद्यापासून तू जा. माझ्याशी ती बोलत नाही. बाईमाणसाशी बोलेल कदाचित."

ती म्हणजे खेडच्या आतल्या अंगाच्या एका गावातली शेतकरीण, तिशीच्या आसपासची. आरोप नवऱ्याच्या खुनाचा. नवरा मुंबईला छापखान्यात होता. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात घरी यायचा. त्या वर्षी शिमग्याला आला. दुसऱ्या दिवशी पालखी दारात येणार होती आणि दारापुढचं खळं अजून सारवून व्हायचं होतं. एवढ्या कारणावरून त्याने भर दुपारी चुलीतलं जळतं लाकूड उचललं. तिच्या हाताशी भात कांडायचं मुसळ होतं, ते तिने उचललं. एकच घाव बसला आणि तो तिथेच गेला. सासू मागल्या दाराने धावत आली तेव्हा ही मुसळ धरून उभी होती. पोलीस येईपर्यंत कुठे पळाली नाही, काही लपवलं नाही.

अडचण अशी होती की ते लाकूड तिला लागलंच नव्हतं. त्या दिवशीची एकही जखम तिच्या अंगावर नव्हती. सरकारी वकील विचारणार हे उघड होतं, की साधं खरचटलंही नाही, मग जिवाची भीती कसली? त्या भीतीचं उत्तर त्या दुपारी नव्हतंच, ते मागच्या सगळ्या वर्षांत होतं. उगारलेल्या लाकडापाठोपाठ काय येतं हे त्या घरात तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ते कोर्टापुढे आलं असतं तर थोड्या वर्षांत ती सुटली असती, कदाचित निर्दोषही. नाही आलं तर जन्मठेप. तिला सहा वर्षांची एकच मुलगी होती, ती सासूपाशी होती.

तुरुंगात पहिल्या भेटीत मी तिचा डावा हात पाहिला. कोपराखाली तो वाकडाच जुळला होता. मानेवर, पदर सरकला की दिसेल अशा जागी, भाजल्याचा जुना वण होता.

"हे काय गं?"

"जुना हाय."

"त्याने केलं?"

तिने पदर मानेवर ओढला. मी पुन्हा विचारलं, जरा आवाज चढवून. मग ती म्हणाली, "त्याचा आता काय नाय, वकीलबाय. गावानं मिटवलंन."

हे मिटवणं काय प्रकार आहे ते मला पुढच्या दोन-तीन भेटींत तुकड्यातुकड्याने कळलं. मार असह्य झाला की ती मुलीला घेऊन माहेरी जायची. मग गावकी बसायची. मानाची चार माणसं माहेरी जाऊन तिला परत आणायची. शेवटच्या वेळी हात मोडला होता, तेव्हा प्रकरण देवळात नेलं. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला, गुरवाने गाऱ्हाणं घातलं. नवऱ्याने शब्द दिला की यापुढे बायकोवर हात टाकणार नाही. आणि तिनेही शब्द दिला की झाल्या गोष्टीचा उच्चार ती पुन्हा कधी, कोणापाशी करणार नाही. एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने विसरायचं, असा तिथला रिवाज. जो शब्द मोडेल त्याच्या घरावर देवाचा कोप येईल, असं गुरव गाऱ्हाण्यातच बोलून ठेवतो. हजर असलेल्या सगळ्यांनी त्याला होय महाराजा म्हणायचं असतं. तिचा भाऊही तिथे होता आणि तोही म्हणाला होता.

मी म्हटलं, "अगं पण त्याने तर शब्द मोडला ना? लाकूड उचललंच की त्याने. मग तुझा शब्द कसला राहतो?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू एवढी शिकलेली बाई आणि साधी गोष्ट कळत नाही.

"त्यानं मोडलान," ती म्हणाली, "म्हणून तर मेला."

"मेला कसा? मारलंस तू."

"हात माजाच. पण मोडलान त्यानं."

 तिच्या दृष्टीने देव खरा आहे याचा पुरावा तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. शब्द मोडणारा उंबऱ्यात पडला होता. आता तिने मोडला तर? तिच्या रक्ताचं त्या घरात उरलेलं एकच माणूस होतं, सहा वर्षांचं. माझ्याकडे कायदा होता, तर्क होता, सनद होती, आणि यातलं काहीच तिच्या त्या एका वाक्यापुढे टिकत नव्हतं. मी चिडून बाहेर आले. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, "काय मॅडम, झाली भेट?" त्याच्यावरही मी खेकसले.

काकांना सगळं सांगितलं. ते पान लावत ऐकत होते.

"गावकीच्या माणसांना साक्षीला बोलावू," मी म्हटलं. "समन्स काढू."

"काढू की. आणि उभं राहून म्हणाले आठवत नाही, तर? आपलाच साक्षीदार आपल्यावर उलटला असं होईल." त्यांनी पान तोंडात टाकलं. "आणि समज, आठवलं त्यांना. नवरा मारायचा असं शपथेवर सांगितलं. मग सरकारी वकील काय म्हणेल? म्हणेल, बघा, हा राग मनात होता, म्हणून मारलं. खुनाला कारण पाहिजे होतं, ते आपणच आणून दिलं."

"मग मारहाण सांगायचीच नाही?"

"सांगायची. पण तिने. तिच्या तोंडून आली की ती भीती असते. दुसऱ्याच्या तोंडून आली की तो राग होतो."

हे मी पुढे आयुष्यभर पाहिलं. पण तेव्हा पहिल्यांदा ऐकत होते आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. नवऱ्याकडून होणाऱ्या छळाचं नवं कलम नुकतंच आलं होतं, आम्ही वकीलमंडळी त्यावर मोठमोठ्याने चर्चा करायचो. ते जिवंत नवऱ्याविरुद्ध जिवंत बायकोने वापरायचं. इथे नवरा मेलेला आणि बायको पिंजऱ्यात. त्याने केलेल्या कशाचीच कधी कुठे नोंद नव्हती, एकही तक्रार नव्हती. कारण गाव चांगलं होतं, आपली भांडणं आपण मिटवणारं होतं. पोलीस पाटीलसुद्धा त्या गावकीत बसायचा.

मी तिच्या गावाला गेले. एसटीने खेड, तिथून दुसरी गाडी, आणि फाट्यावरून दगडी पायऱ्यांची पाखाडी चढून वर. गावकीच्या प्रमुखाचं घर सापडायला वेळ लागला नाही. साठीचा, मुंबईत नोकरी करून परत आलेला, स्वच्छ धोतरातला माणूस. मुलगा लोट्याला कारखान्यात, तो नुकताच पाळीवरून येऊन झोपला होता म्हणून आम्ही ओटीवर हळू आवाजात बोललो. मी मनात एक खलनायक घेऊन गेले होते. त्याने मला पाणी दिलं, गूळ दिला, सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि तुरुंगातल्या तिच्याबद्दल विचारलं. जेवते ना, हात दुखतो का तिचा. पावसात दुखायचा म्हणाला.

"म्हणजे हात कोणी मोडला ते तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं.

"सगळ्या गावाला म्हायती हाय."

"मग कोर्टात एवढंच सांगा."

त्याने मान हलवली. "वकीलबाई, ता देवासमोर संपला. मी स्वतः होय महाराजा म्हटलाय. ता आता उकरायचा नाय."

"ती जन्मभर तुरुंगात गेली तरी?"

"तिला सोडवा तुमी. आमी कशाला नको बोलू? गुणाची बाय हाय ती. पण दुसऱ्या वाटेनं सोडवा."

दुसरी वाट नाही, हे मी त्याला तऱ्हेतऱ्हेने सांगितलं. आवाज चढला माझा, आतला मुलगाही जागा झाला असणार. तो माणूस चिडला नाही. हेच मला सोसवेना. वाईट माणसाशी भांडता येतं. हा माणूस आपला शब्द पाळत होता, आणि शब्द पाळणं वाईट असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? शेवटी मी एक गोष्ट केली, जिच्यावर काका नंतर आठवडाभर हसले. मी विचारलं, "देवाकडून मोकळीक मिळत नाही का? कौल लावून बघा. देव म्हणाला बोला, तर बोलाल?"

तो विचारात पडला. माझी चेष्टा न करता तो मला देवळात घेऊन गेला, गुरवाला बोलावलं. सभामंडपात उन्हाची तिरीप आली होती. देवाच्या पाषाणाला चिकटवून कौल लावतात त्या कळ्या पाण्यात भिजत होत्या. विज्ञान शाखेची पदवी घेतलेली मी पदर खोचून पायरीवर बसले होते आणि मनातल्या मनात त्या पाषाणाला म्हणत होते, बाबा रे, सोड हिला.

गुरवाने सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसले. "कौल लावता येईल," तो म्हणाला. "पण शबूद दोघांनी दिलाय. सोडवायचा तर दोघांनी हितं उभं ऱ्हायला पायजे."

"तो मेलाय."

"व्हय. म्हणून तर आता सुटणार नाय."

परत फाट्यावर येईपर्यंत मला शेवटची गाडी चुकायची भीती होती, आणि त्या घाईत रडूही आलं नाही. जाता जाता मी तिच्या सासूच्या घरावरून गेले. सासू सरकार पक्षाची साक्षीदार होती, तिच्याशी बोलणं मला बरं दिसलं नसतं. मुलगी खळ्यात पाऊलभर जागेत एकटीच उड्या मारत होती. सासू दारात बसून तिच्याकडे पाहत होती. तिचा मुलगा मेला होता, सून तुरुंगात होती आणि आता ही पोर तिच्या पदरात. मी नजर चुकवून पुढे गेले.

त्यानंतर मी तुरुंगात किती वेळा गेले त्याचा हिशेब नाही. विनवण्या केल्या, दरडावलं, मुलीचं नाव घेऊन रडवलं. "तू सुटली नाहीस तर तिचं कोण बघणार?" असं विचारलं. ती म्हणायची, "ती असली तर कोणपण बघंल. नसली तर मी सुटून काय करू?" एकदा मी तिला म्हटलं की कोर्ट म्हणजेसुद्धा देऊळच समज, तिथेही शपथ घेतात. यावर तिने मला विचारलं, "हितली शपथ मोडली तर काय होतं?" मी खरं ते सांगितलं, की बहुतेक वेळा काहीच होत नाही. 

खटला उभा राहिला. तुरुंगातल्या डॉक्टरने हाताचं हाड पूर्वी मोडलेलं आहे असं सांगितलं, आणि पडूनही असं मोडू शकतं हेही सांगितलं. वणाबद्दल, तो चुलीपाशी काम करणाऱ्या कोणत्याही बाईला असू शकतो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. मग सासू आली. काकांनी उलटतपासणीत अगदी मऊ आवाजात विचारलं, "आजी, तुमचा मुलगा सुनेला मारायचा का?"

सरकारी वकील ताडकन उठले. "मयतावर खटला चाललेला नाही. तो इथे येऊन स्वतःची बाजू मांडू शकत नाही." मला तो गुरव आठवला. दोघांची भाषा वेगळी, पण मेलेला माणूस हजर नाही म्हणून जिवंत बाईने गप्प बसायचं, हे दोघांचंही एकच. न्यायाधीश साहेब समंजस होते, त्यांनी तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर घेऊ दिलं.

सासूने पिंजऱ्याकडे पाहिलं. सून खाली बघत होती. "नवराबायको हायत. कदी हात उगारला असंल," ती म्हणाली. "गावानं मिटवलंन ता."

"पोलिसांत तक्रार दिली होती?" साहेबांनी विचारलं.

"नाय."

तेवढंच नोंदलं गेलं.

शेवटी आरोपीच्या जबाबाचा दिवस आला. पुराव्यातल्या एकेका गोष्टीबद्दल तिला विचारलं जात होतं आणि ती होय-नाही सांगत होती. मुसळ उचललं का, होय. घाव घातला का, होय. का घातला? "लाकूड उगारलान." मग साहेबांनी कागदावरून मान वर केली. त्यांनाही तिच्या हाताचं काहीतरी जाणवलं असावं, कारण ते नेहमीपेक्षा सावकाश बोलले. "बाई, तुला आणखी काही सांगायचंय? या आधीचं, घरातलं? जे असेल ते सांग. इथे कोणी तुला काही करणार नाही."

काकांनी माझा हात दाबला. मी टेबलाची कड धरून उभी होते. तिने तोंड उघडलं. मला अजून वाटतं की ती बोलणार होती, कारण तिचा उजवा हात नकळत डाव्या कोपराकडे गेला होता. मग तो हात तिथून निघाला आणि पदर सारखा करून खाली आला.

"नाय," ती म्हणाली. "आनिक काय नाय."

युक्तिवादात सरकारी वकिलांनी सासूचं ते एक वाक्य उचललं. बचाव पक्षानेच दाखवून दिलंय, ते म्हणाले, की नवराबायकोत जुनी भांडणं होती. आरोपीच्या मनात राग साठलेला होता, अंगावर एक ओरखडाही नसताना तिने डोक्यात मुसळ घातलं. काकांनी म्हटलं होतं अगदी तसंच. जे तिच्यासाठी वापरता आलं नाही ते तिच्याविरुद्ध वापरलं गेलं, आणि त्यात कायद्याच्या दृष्टीने काहीच गैर नव्हतं. काका तासभर बोलले. एकच घाव, पळून न जाणं, उगारलेलं लाकूड, सगळं मांडलं. चांगले बोलले. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून पुस्तकं पुढे करत होते आणि प्रत्येक पुस्तक सरकवताना मला वाटत होतं, ही काय थट्टा चालली आहे.

जन्मठेप झाली. साहेब निकाल वाचत असताना ती नीट ऐकत होती, शाळेत बाई काही समजावून सांगतात तेव्हा ऐकतात तशी. कळलं का, असं विचारल्यावर मान हलवली. काकांनी वरच्या कोर्टात अपील करू म्हणून सांगितलं, तेव्हाही तिने तशीच मान हलवली.

बाहेर व्हरांड्यात सासू मुलीला घेऊन उभी होती. खेडहून पहाटेच्या गाडीने आली असावी. मुलीच्या वेणीला नवी रिबीन बांधलेली होती. पोलीस शिपाईण चांगली होती, ती थांबली. मुलगी आधी आजीच्या लुगड्यामागे लपली, मग हळूच पुढे आली.

आई खाली बसली. तिने मुलीला जवळ घेतलं नाही, पापाही घेतला नाही. तिने मुलीचे दोन्ही हात धरून बाह्या वर केल्या आणि हात उलटसुलट करून पाहिले. कपाळाला हात लावून ताप नाही ना ते बघितलं. तोंड उघडायला लावून जीभ पाहिली. फ्रॉक मागून उचलून पाठ पाहिली, गुडघे पाहिले, पावलं पाहिली. मुलीला गुदगुल्या होत होत्या, ती हसत होती. आजूबाजूला पक्षकारांची गर्दी होती, कोणीतरी चहावाल्याला हाका मारत होतं, आणि ही बाई आपल्या पोरीचं अंग वीतवीत तपासत होती.

मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"बघा वकीलबाय," ती म्हणाली. "एक वण नाय अंगावर."

मी मान डोलावली. शिपायांनी चला म्हटलं, तशी ती उठून त्यांच्याबरोबर गेली.